ग्रेडरसाहेबांचा फाया

निवृत्त माणसांचे नाना प्रकार असतात. मुख्याध्यापक निवृत्त झाले की आलेल्या लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्व-दीर्घांवर लाल खुणा करत बसतात. तलाठी निवृत्त झाला की शेजाऱ्याच्या कुंपणाकडे डोळे बारीक करून बघतो आणि "दोन फूट पुढं आलंय" म्हणतो. पण कापसाचा ग्रेडर निवृत्त झाला की काय करतो, हे बघायचं तर खामगावात आमच्या गल्लीत यावं लागेल.

ग्रेडरसाहेब एकाधिकार कापूस खरेदीच्या जमान्यातले. ती योजना १९७२ साली सुरू झाली, आणि पुढं कित्येक वर्षं वऱ्हाडातल्या पांढऱ्या सोन्याचं नशीब खरेदी केंद्रावरच्या ग्रेडरच्या दोन अंगठ्यांत होतं. बैलगाड्यांची रांग लागलेली असायची. साहेब गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, वरचा निवडक कापूस सोडून आतला पुंजका काढायचे, दोन्ही अंगठ्यांत धरून तो ओढायचे, तुटलेला तंतू उन्हाकडे धरायचे आणि एकच शब्द बोलायचे: "सुपर." किंवा "एफएक्यू." किंवा नुसतं "फेअर." त्या एका शब्दावर त्या घरातल्या पोरीचं लग्न यंदा की पुढच्या साली, हे ठरायचं. असा शब्द उभी नोकरी जिभेवर वागवलेल्या माणसाला पुढं साधं "छान आहे" म्हणता येत नाही. योजना गेली, बैलगाड्यांच्या जागी पिकअप आल्या, साहेबांना पेन्शन लागली. ग्रेड मात्र तोंडात शिल्लक राहिले. ते त्यांनी सुगंधाकडे वळवले.

वळणाची जागा म्हणजे फाया. एका लग्नात पानसुपारीच्या तबकातून कुणीतरी अदबीनं त्यांच्या हातावर अत्तराचा फाया ठेवला. साहेबांनी तो नाकाला न लावता आधी उलगडला, अंगठ्यांत धरला, ओढला आणि भर मांडवात वधूपित्याला सांगितलं, "हा कापूस कवडीचा हाये, बापू. यावर अत्तर कायले वाया घालता?" वधूपिता अजूनही बोलत नाही. पण त्या दिवसापासून साहेब स्वतःचा कापूस स्वतः बाळगतात. खिशात पत्र्याची चपटी डबी, त्यात परसातल्या झाडाचा देवकापूस. काकू त्याच्या वाती वळतात आणि साहेब फाये. दोघांत त्यावरून दर श्रावणात वाद होतो.

कपाटाच्या लॉकरमध्ये दागिने ठेवायची पद्धत आहे. यांच्या लॉकरमध्ये कुप्या आहेत आणि दागिने गव्हाच्या कोठीत. उन्हाळ्यात वाळा, पाऊस पडला की मिट्टी, थंडीला हिना आणि शमामा. यात हयगय नाही. जूनमध्ये कुणी हिना लावून दिसला तर साहेबांना तो मे महिन्यात स्वेटर घालून आल्यासारखा दिसतो. अत्तर कसं काढतात हे ते इतक्या तन्मयतेनं सांगतात की ऐकणाऱ्याला ते कनौजलाच जन्मले असं वाटावं. तांब्याची डेग, तिच्यात फुलं आणि पाणी, झाकणाला चिकणमातीचा लेप, तिथून बांबूच्या नळीनं वाफ भपक्यात, भपक्यात चंदनाचं तेल, भपका गार पाण्याच्या हौदात. फुलांचा वास चंदनाच्या अंगात उतरतो. "सरकीतून तेल काढणं सोपं हाये," ते म्हणतात, "वासातून तेल काढून दाखवा."

मातीच्या अत्तराबद्दल मात्र त्यांची तक्रार आहे, आणि ती थेट कनौजकडे आहे. तिथले कारागीर भाजलेल्या मातीच्या ठिकऱ्या डेगेत घालून पहिल्या पावसाचा वास काढतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासावर 'नेचर'मध्ये लिहिलं, त्याला इंग्रजीत नावही दिलं. हे मीच त्यांना सांगितलं, आणि ते माझ्या अंगाशी आलं. "त्याईनं माती कोन्ती घेतली?" साहेबांनी विचारलं. मला काय ठाऊक? "काळी नसन घेतली. काळीचा वास येगळा असते. पाय रुतते तसा तो नाकात रुतते." पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचं एक पोतं ट्रान्सपोर्टनं कनौजला पाठवायचा त्यांचा विचार आजही पक्का आहे. पत्ता मिळण्याची तेवढी खोटी आहे.

गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे. संध्याकाळी साहेब तिथल्या बाकावर बसतात आणि समोरून जाणारं गाव पारखतात. कॉलेजची पोरं डिओ फवारून मोटारसायकलवरून जातात. साहेब मान न वळवता म्हणतात, "फेअर." एक पुढारी गाडीतून उतरतो, आणि त्याच्या आधी त्याचा वास उतरतो. "माल बरा हाये," साहेब म्हणतात, "पण वरचा कापूस निवडक, आतला तुमी पाहा." सराफा लाइनीतले एक शेटजी मात्र रोज चंदन लावतात, त्यांना न चुकता "सुपर" मिळतं. शेटजी ते ऐकून खुलतात आणि दुसऱ्या दिवशी थोडं जास्त लावतात. खामगाव चांदीसाठी नावाजलेलं. इथं चांदीवरचा कस बघून भाव करणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या गावात वासावर कस लावणाराही एक असावा, यात वावगं काही नाही. साहेबांकडची चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी गावभर लग्नांना उसनी जाते. तिच्याबरोबर साहेबही जातात, कारण ती एकटी पाठवणं त्यांना पटत नाही.

होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा भरते. बुलढाणा तालुक्यातला पिंपळगाव सराईजवळचा हा दर्गा. सगळ्या जातिधर्मांची माणसं नवस घेऊन तिथं येतात, नारळांची होळी पेटते, संदल निघतो. साहेबांचा नवस वगैरे काही नसतो. ते दर्शन घेतात आणि दर्ग्याजवळच्या अत्तरवाल्यांची रांग एका टोकापासून धरतात. प्रत्येकाच्या काचेच्या दांड्या मनगटापासून कोपरापर्यंत लावून घेतात. मग हात नाकासमोरून बासरीसारखा फिरवत तासभर एका झाडाखाली उभे राहतात. अत्तरवाले त्यांना ओळखून आहेत. घेतात ते अर्ध्या तोळ्याच्या वर नाही, पण भाव मात्र टनाचा करतात.

आता एक गोष्ट सांगतो, ती काकूंनी मला सांगितली आणि साहेबांना माहीत आहे की नाही याची खात्री नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघर कोरोना होता. साहेबांनाही झाला, सौम्य झाला, उतरला. जाताना वास घेऊन गेला. साहेबांनी हे कुणालाही सांगितलं नाही. पण एके दुपारी काकूंच्या हातून जिरं-मोहरी जळून कोळसा झाली, घरभर धूर झाला, आणि साहेब दिवाणखान्यातून म्हणाले, "आज फोडणी झकास जमली." काकू समजल्या. त्या काही बोलल्या नाहीत. वास परत यायला दोन-अडीच महिने लागले. आणि या सगळ्या काळात साहेब अंगणात खुर्ची टाकून, मास्क हनुवटीवर ओढून, लांबून येणाऱ्यांचे फाये हुंगून ग्रेड देत होते! कुणी विचारलं "कशाचं वाटतं?" तर बाटलीचा रंग बघायचे, किंमत विचारायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "संध्याकाळी सांगतो." संध्याकाळी सांगायचे. गावाला काहीच फरक जाणवला नाही. सुगंधाच्या महागड्या बाटल्यांवर पानंच्या पानं लिहिणारे जगभर आहेत. त्यातल्या किती जणांचं नाक चालू असतं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो.

याचा अर्थ साहेबांचं नाक खोटं, असा काढू नका. पुढचं ऐका.

जावईबापू मस्कतला असतात. मागच्या खेपेला त्यांनी सासऱ्यांसाठी लोहचुंबकी टोपणाची एक जाडजूड बाटली आणली. कंपनी ओमानचीच, अमुआज. १९८३ साली सुलतान काबूस यांच्या इच्छेनं ती निघाली. ओमानच्या धोफार भागातला लोबान जगभर नावाजलेला, त्याचा मान सुगंधाच्या बाटलीत टिकावा असा बेत. बाटलीचं नाव 'इंटरल्यूड मॅन', २०१२ पासूनचं. अशा सुगंधाला शौकीन लोक 'नीश' म्हणतात. म्हणजे चौकाचौकात जाहिरात नाही, दुकानं मोजकी, किंमत मोजायला बसू नये अशी. जावईबापूंनी ती सांगायचं टाळलं. साहेबांनी नातवाच्या फोनवरून ती काढली आणि कागद-पेन घेतलं.

"तीस हजार," साहेब म्हणाले. "लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ चा सात हजार पाचशे एकवीस. म्हंजे चार क्विंटल कापूस या बाटलीत हाये." मग बाटली उजेडाला धरून त्यांनी चार क्विंटल कापूस दिसतो का, ते पाहिलं. शंभर मिली. एका दाबाला साधारण एक दशांश मिली. म्हणजे हजारेक फवारे, फवाऱ्याला तीस रुपये. "आपली कपाशीची फवारणी स्वस्त पडते."

जावईबापू समजवायला गेले. यात तेल पंधरा-वीस टक्के, बाकी अल्कोहोल. तिथं त्यांचं चुकलं. "ऐंशी टक्के!" साहेब ताडकन उठले. "बारा टक्क्याच्या वर ओलावा असला त कापसाची गाडी परत धाडते, अन तुमी ऐंशी टक्के ओलावा तीस हजाराले घेतला?" काकूंनी जावयाला आत बोलावून चहा दिला.

मग आगरकाष्ठाची गोष्ट निघाली. या बाटलीत ऊदाचा धूर आहे, तो ज्या लाकडातून येतो ते झाड आसामातही होतं. निरोगी झाडाला काडीचा वास नसतो. खोडाला जखम होऊन बुरशी लागली की झाड राळ सोडतं, लाकूड काळं पडतं आणि मग त्याचा भाव सोन्याशी बोलू लागतो. साहेब बराच वेळ गप्प बसले. "आपल्या बोंडाले अळी लागते त मातीमोल," ते शेवटी म्हणाले, "अन त्याच्या झाडाले बुरशी लागते त सोनं. देवाचा ग्रेडर कोन हाये, मले पाह्यचा हाये."

पारख सुरू झाली ती मात्र शिस्तीत. अंघोळ साबणाशिवाय. सकाळपासून कांदा नाही, तंबाखू नाही, काकूंची उदबत्ती बंद. डाव्या मनगटावर एक फवारा, उजव्या बाहीवर दुसरा, तिसरा देवकापसाच्या फायावर. मनगटं एकमेकांवर घासणाऱ्या नातवाला असा दम मिळाला की पोर रडायला आलं. घासल्यानं वरचा हलका वास लवकर उडून जातो, हे खरं आहे. दम द्यायची गरज नव्हती.

परदेशी लोक सुगंधाचे तीन टप्पे करतात: आधी वरचा, मग मधला, मग तळाचा. साहेबांनी ते ऐकलं आणि बाद केलं. त्यांचे टप्पे ठरलेले आहेत: पहिला वेचा, दुसरा वेचा आणि फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा शेवटचा माल. "पह्यला वेचा पंधरा मिनिटं. तो दुकानदारासाठी असते, तो पाहून बाटली घेऊ नये. दुसरा वेचा दोन-तीन घंटे. तो पाव्हन्यासाठी. अन फरदड आपल्यासाठी." कृषी खातं दर वर्षी गळा काढून सांगतं, फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळी पोसली जाते. सुगंधात उलटा न्याय. तिथं खरा माल फरदडीतच कळतो. यावर माझं साहेबांशी पूर्ण एकमत आहे. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून हजारो रुपये मोजणाऱ्यांनी हा एक मुद्दा लक्षात घ्यावा.

फाया नाकाशी नेला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास धरून. साहेब म्हणाले, "ओवा."

जावईबापू हसले. ओव्याची धुरी बाळंतिणीला देतात, तीस हजारांच्या बाटलीत ओवा? पण त्यांनी फोन काढून घटक वाचले आणि हसू थांबलं. यादीत सुरुवातीलाच ओरेगॅनो होतं. तोच तो, पिझ्झ्याबरोबरच्या पुडीतला वाळका पाला. ओव्यातलं थायमॉल आणि ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल ही सख्खी भावंडं. एकाच साच्यातली द्रव्यं, अणूंची जागा तेवढी इकडची तिकडं. नातू स्वयंपाकघराच्या खणातून जुनी पुडी घेऊन आला. साहेबांनी ती फोडून तळव्यावर घेतली, अंगठ्यानं चुरली, हुंगली आणि जावयापुढं तळवा धरला. काही बोलले नाहीत. खरेदी केंद्रावर भाव पटला नाही म्हणून भांडायला आलेल्या शेतकऱ्यापुढं ते पुंजका असाच धरत असतील.

संध्याकाळची खरी कसोटी बुलढाण्याच्या एका लग्नात झाली. खामगावाहून बुलढाण्याला जाताना बोथ्याचा घाट लागतो, दोन्ही बाजूला ज्ञानगंगा अभयारण्याचं जंगल. तिथं अस्वलं आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून कॉलर घातलेला एक वाघ हजाराहून अधिक किलोमीटर भटकत याच जंगलात येऊन राहिला होता. लोक म्हणाले, जोडीदारीण शोधत आला. साहेबांचं मत, वास काढत आला. त्यामुळे घाट चढून गाव दिसेपर्यंत बाटलीचं टोपण उघडायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. "अस्वलाचं नाक माह्यापेक्षा तेज हाये," हे त्यांनी कबूल केलं. दुसऱ्या कुठल्या प्राण्याबद्दल त्यांनी असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

लॉनच्या फाटकावर साहेबांनी दोन फवारे घेतले, उपरणं नीट केलं आणि आत पाऊल टाकलं, तोच कमानीजवळच्या पंख्यानं त्यांच्यावर गुलाबपाण्याचा फवारा मारला. आजकाल प्रत्येक लॉनवर हे यंत्र असतं. स्वागत म्हणे. पूर्वी गुलाबदाणीतून चार थेंब शिंपडायचे, माणूस बघून. पंख्याला माणूस कळत नाही. साहेब दहा मिनिटं मैदानाच्या कडेला वाळत उभे राहिले. मग जनरेटरचा डिझेलचा धूर आला. मग फटाके. मग डीजेपुढं नाचून आलेल्या वऱ्हाड्यांची गर्दी, आणि त्या गर्दीचा वास साहेबांनी "विनाग्रेड" म्हणून सोडून दिला.

दुसरा वेचा उमलला तेव्हा आम्ही पंगतीत होतो. लोबान, ऊद, चामडं, धूर. थंड देशातल्या बंद दिवाणखान्यात हा वास राजासारखा फिरत असेल. बुलढाणा डोंगरावर आहे, खामगावपेक्षा थंड, तरी वैशाख तो वैशाख. अंगाच्या गरमीनं तो धूर चौपट उसळला. आमच्या शेजारचे पाव्हणे नाक वर करून इकडं तिकडं पाहू लागले. त्यांनी वाढप्याला हाक मारली, "अरे, भरीत हाये वाट्टे? इकडं आन न!" वाढपी म्हणाला, भरीत नाही. "असं कसं नाही? पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचा वास येऊन राह्यला." आसपासच्या चार पानांवरून दुजोरा आला. भरिताची मागणी पसरत गेली, आणि केटरिंगवाल्याला येऊन हात जोडून खुलासा करावा लागला.

मी साहेबांकडे बघायचं टाळलं. पण साहेब चिडले नव्हते. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, पुन्हा नेलं आणि मान डोलावली. "बरोबर हाये," ते म्हणाले. "पऱ्हाटीच. मले नाव सापडत नोतं." मस्कतच्या कारागिरानं लोबान जाळला असेल, पण वऱ्हाडातल्या माणसाला त्यात कपाशीच्या काड्यांचा जाळच दिसला. साहेबांनी त्या पाव्हण्याचं गाव विचारलं, पत्ता घेतला आणि सांगितलं, "तुमचं नाक सुपर हाये."

परतताना घाटात गाडीच्या काचा बंद होत्या. फरदड सुरू झाली होती. धूर बसला होता, खाली चंदन उरलं होतं, आणि ते खरोखर सुरेख होतं, हे मला नमूद केलं पाहिजे.

साहेबांकडे जुन्या नमुन्याचं एक रजिस्टर आहे. त्यातली दुसऱ्या दिवशीची नोंद मी वाचली. मालाचं नाव: इंटरल्यूड. आवक: मस्कत. पहिला वेचा: झणझणीत, ओवा. दुसरा वेचा: सैलानीचा लोबान, पुढं पऱ्हाटी. फरदड: उत्तम, सदरा धुतल्यावरही. कचरा: नाही. ओलावा: फार. ग्रेड: सुपर. शेरा: संध्याकाळचाच माल. हिवाळ्यात, एक फवारा, मोकळ्यावर. लग्नात लावू नये. वांगी असल्यास मुळीच नाही.

तुमच्याकडेही कुणा जावयानं अशी एखादी बाटली आणून ठेवली असेल आणि ती कधी, कुठं लावावी हे कळत नसेल, तर खामगावला अवश्य या. फी नाही. कापूस साहेबांचा. तुम्ही फक्त अंघोळ करून या, मनगटं घासू नका आणि लगेच निकाल मागू नका. तो संध्याकाळी मिळेल.